दोघांचा ढोल

त्या साली पावसानं असं तोंड फिरवलं की दसऱ्यालाच पेडगावच्या माळावर नुसती ढेकळं आणि कुसळं उरली. येडबानं दिवाळीची वाट बघितली नाही. घोड्यावर बिऱ्हाड लादलं, मेंढरं पुढं घातली आणि सगळं घर गंगेच्या अंगाला चालू लागलं. गंगाखेडच्या खाली, गोदाकाठानं उसाचे मळे होते, गुऱ्हाळं चालू होती. उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, मिळालं तर मेंढरं तगतील, एवढीच आशा. दिनकरराव नावाच्या बागायतदारानं मेंढरं रानात बसवायला बोलावलं. रात्रभर ती त्याच्या रानात बसायची, लेंडीखत रानाला मिळायचं आणि बदल्यात येडबाच्या बिऱ्हाडाला ज्वारी.

बिऱ्हाड लहानच. येडबा, त्याची बायको म्हाळसाबाई, धाकटा भाऊ बिरू, बिरूची बायको भिवराबाई आणि त्यांच्या दोन पोरी. येडबाला आणि म्हाळसाबाईला मूल नव्हतं, पण तसं कुणी म्हटलेलं म्हाळसाबाईला खपायचं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू गेलेली होती आणि बिरू नुकता पावलं टाकायला लागला होता. अंगाची हळद निघायच्या आत ते शेंबडं पोर तिच्या कमरेवर येऊन बसलं. "आन ते मिसरूड फुटल्यावर उतरलं," असं ती हसून सांगायची.

माघातली थंडी ओसरू लागली तशी त्यांनी लोकर कातरायला काढली. येडबानं मेंढी आडवी पाडली, तिचे पाय गुडघ्याखाली दाबले आणि कातर हातात घेतली. पहिली ओळ नीट निघाली. दुसऱ्या ओळीला कातर वाकडी गेली आणि मेंढीच्या पोटावर रक्ताचा थेंब आला. येडबानं कातर डाव्या हातात घेतली, परत उजव्यात घेतली. म्हाळसाबाई शेजारी लोकर पिंजत बसली होती. तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं. बोटं वळत होती, पण आवळत नव्हती.

"द्या इकडं," ती म्हणाली. "तुमी दुसरी धरून आणा."

"कातर बोथट झालीय."

"हौ. बोथटच झालीय."

कातरीला तिनं आदल्याच दिवशी गंगाखेडला धार लावून आणली होती. तिनं मेंढी गुडघ्याखाली घेतली आणि कातरायला लागली.

दोन उन्हाळ्यांमागं मेंढरांना पाला पाडायला येडबा बाभळीवर चढला होता. फांदी मोडली आणि तो उजव्या खांद्यावर पडला. वैदूनं खांदा बसवला, हळद बांधली, हात वर जायला लागला. सगळ्यांनी म्हटलं, चला, वाचलं. येडबाही म्हणाला वाचलं. कारण तो हात नुसता मेंढक्याचा नव्हता. त्या हातात ढोलाची काठी होती.

पेडगावच्या धनगरांचा ढोल गंगेच्या दोन्ही अंगांना नावाजलेला. बिरोबाची जत्रा असो, लग्न असो, की कुणाच्या नव्या विहिरीला पाणी लागलेलं असो, येडबाच्या ताफ्याला सांगावा यायचा. एका काळी ताफ्यात पाच जण होते. चंद्रभान पावा वाजवायचा, तो जिंतूरला लेकीकडं राहायला गेला आणि परत आला नाही. आणखी एक जण पोटाच्या दुखण्यानं गेला. आता तिघं उरले होते. येडबाचा थोरला ढोल, बिरूचा धाकटा ढोल आणि आश्रुबाची झांज. आश्रुबा जातीनं कुणबी, पेडगावचाच, येडबाच्या वयाचा. दुष्काळ म्हणून तोही बायकोला, तानुबाईला, घेऊन इकडंच दिनकररावांच्या गुऱ्हाळावर राबायला आला होता. त्यामुळं या साली गाव सुटलं तरी ताफा सुटला नव्हता.

त्याच दिवशी दुपारी बन्सीधर मास्तर सायकल ढकलत रानात आले. गंगाखेडला त्यांचा बँड होता, लाल कोट, पितळी वाद्यं, गळ्यात अडकवायचा भला मोठा ढोल. ते बांधावर टेकले, पाणी प्याले आणि येडबाकडं बघून म्हणाले, "येडबा, मी परत आलोय. मागच्या बारीला तुमच्या भावानं न्हाई म्हणलं. आता लग्नाच्या तिथी लागल्या. ढोलाला मानूस न्हाई. बिरूला द्या माझ्याकडं. रहायला खोली देतो, बारमाही काम देतो."

येडबानं हातातली लोकर खाली ठेवली. "मी कोन देनारा मास्तर? त्यो काय कोकरू हाय व्हय? इचारा की त्याला."

बिरू मेंढरं रात्री कोंडायच्या वाघुरीचं जाळं सांधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "आमचा ताफा हाय मास्तर," तो म्हणाला. "दादाला सोडून मला वाजवायला यायचं न्हाई."

"बारा गावचं पानी प्यालेलं मानूस मी," मास्तर म्हणाले. "आसं म्हननारे लय बगितले. पर तुझ्यावानी हात न्हाई बगितला. इचार कर."

मास्तर गेले. चुलीपाशी भिवराबाईनं भाकरी अशी थापली की परातीचा आवाज पार विहिरीपर्यंत गेला. धाकट्या पोरीनं दचकून आईकडं बघितलं. येडबा उठला आणि नुसताच मेंढरांमधून फिरून आला.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा गंगेवर धुणं घेऊन गेल्या. पात्रात पाणी कमी, खडकांमधून वाहणारी एक धार तेवढी होती. भिवराबाई घोंगडं आपटत होती. आपटता आपटता थांबली.

"आक्का, मी बोलले तर राग धरशीला."

"बोल की."

"पोरींनी जलमभर ह्या वाघुरीमागंच फिरायचं का? खोली मिळायलीय. शाळा जवळ हाय. तुमच्या दिराला म्हनलं तर त्ये माझ्याकडं आसं बगतेत, जसं काय मी त्येंला आईला इकाय लावलंय."

"भावाभावाचं हाय ते, भिवरे."

"भावाभावाचं हाय म्हनूनच बोलायले." भिवराबाईचा आवाज खाली आला. "आक्का, थोरल्यांचा हात चालत न्हाई. काठी पडत न्हाई ढोलावर. ह्ये दोघांचं वाजवतेत. घरी आल्यावर मनगट सुजलेलं आसतंय. मी मीठ तापवून शेकते. कुनाला सांगू नगंस म्हनतेत."

म्हाळसाबाईच्या हातातलं लुगडं पाण्याबरोबर लांबत गेलं. तिनं ते ओढून धरलं, पिळलं, परत भिजवलं आणि परत पिळलं. भिवराबाईला वाटलं, आक्का रागावली. पण आक्का रागावली नव्हती. काल कातर बोथट म्हणून तिनंही त्याच्या हो ला हो केलं होतं. घरातलं प्रत्येक माणूस त्या एका हाताला झाकत बसलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं.

पौर्णिमेला नदीपलीकडच्या वाडीत बिरोबाची जत्रा होती. म्हाळसाबाई एरवी मेंढरांपाशी थांबायची. त्या दिवशी तिनं भिवराबाईला थांबायला सांगितलं आणि स्वतः गेली. देवळापुढं माणसं दाटली होती. भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. येडबानं थोरला ढोल गळ्यात घातला, देवाच्या पायरीला डोकं लावलं आणि काठी उचलली.

म्हाळसाबाई बायकांमध्ये उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. सगळं आयुष्य तिनं हे ढोल लांबूनच ऐकले होते. मेंढरांत बसून, वाऱ्यावर येणारे. कुठला आवाज नवऱ्याचा आणि कुठला दिराचा हे तिला सांगावं लागत नव्हतं. येडबाच्या ढोलाला डाव्या हाताची थाप खाली घुमायची, आणि तिच्यावर काठी पडायची ती लाकूड फोडल्यासारखी. आज थाप होती. काठी नव्हती. म्हणजे काठी ऐकू येत होती, पण ती थोरल्या ढोलावरची नव्हती. तिनं डोळे उघडले. बिरू दादाला खेटून उभा होता. त्याची काठी आपल्या ढोलावर एकदा स्वतःची पडायची आणि लगेच दुसऱ्यांदा दादाची. येडबाची काठी चामड्याला नुसती शिवून माघारी येत होती. आणि आश्रुबा मध्ये शिरून झांज अशी जोरात वाजवत होता, की कुणाला फरक कळू नये. घामानं बिरूचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याच्या जबड्याची शीर उडत होती. येडबा मान ताठ करून देवाकडं बघत होता.

वाजवणं संपल्यावर वाडीच्या पाटलानं मानाचा नारळ आणला. तो येडबापुढून सरळ पुढं गेला आणि त्यानं नारळ बिरूच्या हातात दिला. "पोरा, आज तूच वाजवलं बग," तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चांगलं वाजवलं ते चांगलं म्हणायचं, एवढंच. पण येडबानं ओटीसारखा पुढं धरलेला पटक्याचा शेव तसाच राहिला. बिरूनं वळून नारळ त्या शेवात टाकला. "दादाचा हाय," तो म्हणाला.

येडबानं नारळ घेतला. हसला. वाटेत नदी उतरताना त्यानं तो नारळ म्हाळसाबाईच्या हातात दिला आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई वाढं आणायच्या निमित्तानं गुऱ्हाळावर गेली. आश्रुबा चरकात ऊस घालत होता. बैल गोल फिरत होते. कढईतून गुळाचा गरम वास येत होता. तानुबाईनं तिला बसायला पोतं दिलं, वाटीभर रस दिला आणि ती चिपाडं वाळत घालायला निघून गेली.

"आश्रुबा भाऊ," म्हाळसाबाई म्हणाली, "तुमाला ठाव व्हतं न्हवं?"

आश्रुबानं ऊस आत सरकवला. चरक करकरला. "हौ," तो म्हणाला.

"आन तुमी बी झाकलं."

"झाकलं. काय करू वैनी? मला झांजंबिगर दुसरं येतंय काय? जोरात वाजवली." त्यानं दुसरा ऊस उचलला. "त्यो नामांतराचा दंगा झाला तवा आमी सोनपेठच्या अंगाला एका लग्नात व्हतो. याद हाय? यष्ट्या बंद. गावोगाव वस्त्या जळालेल्या, रस्त्यानं मानूस दिसंना. पायी निघालो. बिरूला ताप भरलेला. येडबानं त्याला खांद्याचा आधार दिला आन दोन्ही ढोल गळ्यात घातले. मी म्हनलं, एक ढोल ठिवू बाभळीखाली, मागून नेऊ. तर म्हनला, ताप उतरला की त्यो पयलं ढोलाचं इचारल. त्याला काय सांगू? आता बिरू तेच करायलाय. दोन्ही ढोल त्याच्या गळ्यात."

म्हाळसाबाईनं रसाची वाटी खाली ठेवली. "पर आसं किती दिस, भाऊ?"

"म्या बी लय इचार केला. मी म्हनायचो, एकाला दुसऱ्याचं वझं वाटाय लागलं की ताफा मोडावा, भांडन व्हायच्या आधी. पर हितं कुनाला वझंच वाटंना झालंय. म्हनून तर मोडना." त्यानं बैलाला हाक मारली. "माझं सोडा. मी म्हातारा गडी, ज्या दिशी बस म्हनशीला त्या दिशी झांज खुंटीला. पर बिरूचं हे वाजवायचं वय हाय. दोघांचं वाजवून त्याचं मनगट जाईल वैनी. मंग ढोलाचा हात तुमच्या घरात येक बी न्हाई ऱ्हायचा."

ती वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन परत आली. येडबा बाभळीच्या सावलीत मेंढ्यांचे खूर बघत बसला होता. उसाच्या पाटातल्या चिखलानं खूर सडलेली एक मेंढी त्यानं पायात धरली होती आणि डाव्या हातानं चाकू चालवत होता. म्हाळसाबाईनं भारा टाकला, मेंढीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तिला धरून बसली. तो खूर तासत राहिला.

"काल म्या आयकलं," ती म्हणाली.

चाकू थांबला. मग परत चालू लागला.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"ढोलावर काठी मपली पडायलीय का त्याची, ह्ये मला कळत न्हाई व्हय? पयल्या दिसापासून ठाव हाय."

म्हाळसाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "आन तरीबी उबा ऱ्हाता?"

येडबानं खुरातली घाण चाकूनं काढून मातीत पुसली. "म्या बस म्हनलो तर त्यो बी काठी ठिवंल. तुला तुजं पोर ठाव न्हाई? दादाचा हात गेला आन मी वाजवू कसा, म्हनंल. ढोल गेल्यावर त्याच्यापाशी काय ऱ्हातंय? हे कुसळं? म्हनून उबा ऱ्हातो. लोक हसले तर हसू दे. पाटलानं नारळ त्याला दिला, बरं केलं."

"बरं केलं म्हनता आन घरला येस्तोर तोंड उघडलं न्हाई."

"बरं केलं," तो परत म्हणाला. पण चाकू जरा खोल गेला.

मेंढीनं पाय झाडला. म्हाळसाबाईनं तिच्या कानामागं खाजवलं. "मास्तराला त्यो न्हाई म्हनला, ते तुमच्यासाठनं. तुमी उबे ऱ्हाता ते त्याच्यासाठनं. दोघं बी येकमेकाला धरून उबे हाव. कुनी आधी सोडायचं?"

"मपल्या तोंडून निघायचं न्हाई म्हाळसे." त्यानं खाली बघतच सांगितलं. "लय डाव ठरवलं. सकाळी ठरवतो, आन त्यो ढोल तापवायला शेकोटीपुढं धरतो, मपला आधी धरतो, मंग त्याचा. निघत न्हाई तोंडून." मग दुसरा खूर हातात घेत तो म्हणाला, "तूच सांग. आन मी रानात आसताना सांग."

तिनं दोन दिवस जाऊ दिले. तिलाही धीर होत नव्हता. तिसऱ्या दिवशी येडबा नेहमीपेक्षा लवकर उठला, अंधुकातच मेंढरं घेऊन नदीच्या खालच्या अंगाला निघून गेला. जाताना तिच्याकडं बघितलं नाही, तेव्हा तिला कळलं की आजच.

ऊन वर आल्यावर बिरू विहिरीवर आंघोळ करून आला. म्हाळसाबाईनं त्याला गरम भाकरी दिली, वर लसणाची चटणी आणि तेल. तो जेवायला बसला. त्याचं उजवं मनगट सुजलेलं होतं आणि तो ते मांडीखाली दडवून घास डाव्या हातानं घेत होता.

"हात दाव," ती म्हणाली.

"काय न्हाई वैनी. वाघुरीची गाठ बसली."

"लहानपनी बी तुला खोटं बोलता येत नव्हतं. दाव."

त्यानं हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. ताप आल्यासारखा गरम होता. एवढा मोठा हात, केसाळ, घट्टे पडलेला. याच हाताला धरून तिनं त्याला माळावर चालायला शिकवलं होतं.

"बिरू, उद्या गंगाखेडला जा. मास्तराला म्हनावं, येतो."

तो हसला. "भिवरीनं सांगितलं व्हय तुला?"

"कुनी सांगितलं न्हाई. मी सांगायले. ताफा मोडायचा."

हसणं त्याच्या तोंडावरच राहिलं. "दादा काय म्हनला?"

"दादाला तुजी काठी पयल्या दिसापासून आयकू यायलीय."

बिरूनं हात ओढून घेतला. ताटातली भाकरी तशीच राहिली. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मी कुनाला कळू दिलं न्हाई वैनी. आश्रुबाला बी मी सांगितलं न्हवतं. दादाला वाईट वाटू ने म्हनून..."

"ठाव हाय."

"मंग चाललंय ते चालू दे की. मी काय तक्रार केली व्हय? आजून वाजवीन. दादा जितकं दिस उबा ऱ्हाईल तितकं दिस."

"आन तुजं मनगट गेल्यावर?"

"जाऊ दे."

"न्हाई जाऊ द्यायचं!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलीकडं पोरी खेळायच्या थांबल्या. "एक हात गेला घरातला. दुसरा जाऊ द्यायचा न्हाई मला. तुमी दोघं सोडशीला न्हाई, म्हनून मी सोडवायले."

बिरू उठून उभा राहिला. "मला हाकलायलीस व्हय तू?"

म्हाळसाबाईनं ताट बाजूला सारलं. उरलेली भाकरी फडक्यात बांधली, चटणी बांधली.  "हौ," ती म्हणाली. "हाकलायले. घे."

त्यानं शिदोरी घेतली नाही. तो भिवराबाईला काही न बोलता नदीच्या अंगाला चालू लागला. म्हाळसाबाईला वाटलं, दादाकडं निघाला. पण तो पात्राच्या वरच्या खडकावर जाऊन बसला, तिथून खालच्या अंगाची मेंढरं दिसत होती. दुपार झाली तरी तो तिथंच होता. खाली येडबा पाठमोरा उभा होता. दोघांमध्ये हाक जाईल एवढंच अंतर. कुणीही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी भिवराबाईनं भांडी बांधली, पोरींना हाताशी धरलं. म्हाळसाबाईच्या पाया पडताना ती रडायला लागली. "मला खोली पायजे व्हती आक्का, पर आसं न्हाई पायजे व्हतं."

"जा," म्हाळसाबाई म्हणाली. "पोरींला थंडी लावू नगंस."

बिरूनं आपला ढोल दादाच्या ढोलाशेजारी ठेवला. मास्तराच्या बँडात मास्तराचाच ढोल होता, हा न्यायचा नव्हता. तो वाकून वैनीच्या पाया पडला. वर बघितलं नाही.

संध्याकाळी येडबा आला. त्यानं दोन्ही ढोल बघितले. एक घोंगडी काढून दोघांवर पांघरली. मग वाघूर ताणायला लागला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला म्हाळसाबाई. बिरूच्या जागी मेख धरायला आता कुणी नव्हतं. ती मेख म्हाळसाबाईनं पायानं दाबून धरली आणि त्यानं डाव्या हातानं ठोकली.

दिवस जात राहिले. आश्रुबा अधूनमधून येऊन बसायचा, गुळाचा खडा द्यायचा, दुष्काळाचं बोलायचा. झांजेचं कुणी बोललं नाही. मेंढरं चारून, पाजून, मागचं-पुढचं बघून दोघं थकून जायची. येडबा बिरूचं नावही काढत नव्हता. बाजाराच्या दिवशी भिवराबाई भेटायची. "ह्ये रोज इचारतेत, दादा आला व्हता का बाजारला," असं सांगायची. म्हाळसाबाई घरी येऊन ते सांगायची. येडबा ऐकून घ्यायचा.

"एकदा जाऊन या की," ती म्हणायची.

"त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा ढोल. बघवल का मला?"

मग तिला झोप यायची नाही. ताफा मोडायला गेले आणि भाऊ मोडून बसले, असं तिला वाटायचं. हात वाचला, पण ज्या दोघांना आपण एका ताटात वाढलं ते आता एका बाजाराच्या अंतरावर असून तोंड चुकवत होते.

फाल्गुनात लोकरीचे गठ्ठे विकायला न्यायचे होते. एरवी ती एकटी जायची. त्या दिवशी येडबानं मेंढरं आश्रुबाकडं सोपवली, न सांगता एक गठ्ठा खांद्यावर घेतला आणि तिच्यामागून चालू लागला.  गंगाखेडच्या बाजारपेठेत पोचले तेव्हा उन्हं चांगली तापली होती. अरुंद रस्त्यावर समोरून लग्नाची वरात आली आणि दोघं गठ्ठ्यांसकट एका दुकानाच्या भिंतीला चिकटून उभे राहिले.

पुढं लाल कोटांचा बँड. बन्सीधर मास्तर कर्णा वाजवत उलटे चालत होते. आणि मध्ये बिरू. लाल कोट त्याला आखूड झाला होता. गळ्यात मोठा ढोल, दोन्ही हातांत काठ्या. तो असा वाजवत होता की पुढची पोरं नाचायची सोडून त्याच्या हातांकडं बघत होती. म्हाळसाबाईच्या छातीत आवाज भरून आला. एकट्याचा हात, मोकळा.

येडबा मात्र हातांकडं बघत नव्हता. ढोलाचा पट्टा चामड्याचा, अरुंद. कोटाची कॉलर खाली सरकली होती आणि पट्टा उघड्या मानेत रुतला होता. तिथली कातडी सोलून लाल झाली होती, घाम त्यात उतरत होता. बिरू मान एका बाजूला झुकवून वाजवत होता.

येडबानं गठ्ठा खाली ठेवला. म्हाळसाबाई "आवं" म्हणेपर्यंत तो वरातीत शिरला होता. नाचणाऱ्या पोरांना बाजूला सारत तो बिरूच्या समोर जाऊन उभा राहिला. बिरूच्या काठ्या थांबल्या. मग सगळा बँडच अडखळला. घोड्यावरचा नवरदेव बघायला लागला. कुणी तरी ओरडलं, "ओ म्हातारबा, सरका!"

येडबानं डोक्यावरचा पटका उतरवला. भर बाजारात, परक्यांच्या वरातीत, उघड्या डोक्यानं. बिरूनं दादाला चारचौघांत तसं कधी बघितलं नव्हतं. पांढरे, बारीक कापलेले केस उन्हात दिसले. येडबानं पटक्याची घडी घातली. उजवी बोटं आवळेनात म्हणून एक टोक दातात धरलं आणि डाव्या हातानं घडी बिरूच्या मानेवर, पट्ट्याखाली सारली. मागून चाचपून बघितली. पुढून बघितली.

"दादा, पटका..." बिरू म्हणाला.

"वाजीव," येडबा म्हणाला. "मान्सं खोळंबलीत."

बिरूनं काठ्या उचलल्या. त्याचे डोळे भरून गालांवर आले होते आणि दोन्ही हात गुंतलेले, पुसायला मोकळे नव्हते. येडबानं आपल्या सदऱ्याच्या बाहीनं ते पुसले, जसं मेंढराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं, घाईत, आणि बाजूला सरला. बँड सुरू झाला.

तो भिंतीपाशी परत आला. म्हाळसाबाई त्याच्या उघड्या डोक्याकडं बघत होती.

"ऊन लागंल," ती म्हणाली.

"आयक." त्यानं हात वर केला.

वरात वळणावर गेली, घोडं दिसेनासं झालं, तरी ढोल ऐकू येत होता. येडबा मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"चांगलं वाजवायलंय," तो म्हणाला. "म्होरं म्होरं जरा घाई करतंय." त्यानं गठ्ठा उचलला आणि खांद्यावर नीट बसवला. "आज माघारी जायाचं न्हाई. मेंढरं आश्रुबा बगल. बिरूच्या खोलीवर उतरू. घाईचं सांगतो त्याला."

म्हाळसाबाईनं आपला गठ्ठा डोक्यावर घेतला. खोली कुठं आहे ते तिला माहीत होतं. ती पुढं झाली.